'टू मेनी सर्टिफिकेट्स' म्हणतंय, आता काय करू? : वाचकांचे प्रश्न

या वेळी वेबसाइटच्या एसएसएल सर्टिफिकेटबद्दलचे (साइटची ओळख पटवणारं आणि जोडणी एन्क्रिप्ट करायला लागणारं डिजिटल प्रमाणपत्र) प्रश्न बरेच आलेत, आणि जवळपास सगळे लेट्स एन्क्रिप्टच्या फुकट सर्टिफिकेटवाले. त्यातले सात निवडलेत. लांब प्रश्न थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने सांभाळतो. छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर), त्यावर उबुंटू, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम). मध्यंतरी काहीतरी बिघडलं म्हणून सर्व्हर पुसून सगळं परत टाकलं, ते जमलं नाही म्हणून परत पुसलं, असं चाललं होतं. आता सर्टबॉट म्हणतो 'टू मेनी सर्टिफिकेट्स ऑलरेडी इश्यूड फॉर धिस एक्झॅक्ट सेट ऑफ आयडेंटिफायर्स', आणि पुढे रिट्राय आफ्टर म्हणून एक वेळ देतो. त्या वेळेला केलं तरी तेच. जुनी सर्टिफिकेट रिव्होक (रद्द) केली, तरी तेच. पैसे भरून लिमिट वाढवून मिळतं का?
— वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पैशांचं आधी सांगतो. नाही मिळत. लेट्स एन्क्रिप्ट चालवते आयएसआरजी नावाची ना-नफा संस्था, देणग्यांवर चालते, सर्टिफिकेटचे पैसे कुणाकडूनच घेत नाही, त्यामुळे भरायला काउंटरच नाही. मोठ्या होस्टिंगवाल्यांना काही लिमिटं अर्ज करून वाढवून मिळतात, पण तुम्ही अडकलात ते लिमिट कुणालाच वाढवून देत नाहीत.

ते लिमिट असं आहे की नावांचा तोच संच, म्हणजे तुमच्या बाबतीत डोमेन आणि त्याचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं रूप, या जोडीसाठी ७ दिवसांत ५ सर्टिफिकेट. तुम्ही दर वेळी सर्व्हर पुसला तेव्हा आधीचं सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्लीची फाइल) दोन्ही पुसली गेली, सर्टबॉटला वाटलं हा नवाच गडी, त्याने नवं मागितलं, आणि लेट्स एन्क्रिप्टनेही मुकाट्याने दिलं. पाच झाली, दार बंद. रिव्होक केल्याने मोजणी मागे फिरत नाही, कारण मोजतात ते 'दिलं किती' हे, 'चालू किती' हे नाही. उलट ज्याची की तुमच्याकडे शिल्लक असेल असं एखादं चांगलं सर्टिफिकेटही रिव्होक करून बसायचात.

आता त्या वेळेचं कोडं. एररमध्ये दिलेली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवायचे. त्यात पहाटे ४ लिहिलं असेल तर आपले सकाळचे साडेनऊ. ही गोष्ट भलेभले विसरतात. आणि पूर्ण आठवडा थांबायचीही गरज नसते, कोटा हळूहळू भरत असतो, या लिमिटला साधारण ३४ तासांनी एक सर्टिफिकेट परत मिळतं. म्हणजे दीड दिवसाने एक संधी, ती वाया घालवू नका.

साइट आजच्या आज उभी करायची असेल तर एक सरळ आणि नियमात बसणारा मार्ग आहे. लिमिट 'तोच संच' यावर आहे ना, मग संच बदला. अजून एक सबडोमेन धरा, समजा 'पुस्तके' नावाचं, त्याचा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) याच सर्व्हरकडे वळवा आणि तीन नावांचं मिळून एक सर्टिफिकेट मागा. तो वेगळा संच झाला, त्याची मोजणी वेगळी. पण मूळ दुखणं तसंच ठेवून हे केलंत तर या नव्या संचाचेही पाच उडवाल, तेव्हा आधी दुखणं बघा.

दुखणं म्हणजे प्रयोग खऱ्या सर्व्हरवर करणं. लेट्स एन्क्रिप्टचा स्टेजिंग म्हणून वेगळा सर्व्हर आहे तो यासाठीच, त्याची लिमिटं वेगळी आणि बरीच ढिली. सर्टबॉटला 'ड्राय-रन' हा पर्याय जोडला की तो तिकडेच जातो, पडताळणी (डोमेन तुमच्याच ताब्यात आहे ना याची तपासणी) पूर्ण करून बघतो आणि सर्टिफिकेट साठवत नाही. 'टेस्ट-सर्ट' जोडलं तर स्टेजिंगचं सर्टिफिकेट खरंच बसवतो, त्यावर ब्राउझर लाल पडदा दाखवणार, दाखवू दे, ते तसंच असतं. सगळं नीट झालं की मग एकदाच खरं मागायचं.

आणि बॅकअप. सर्व्हरवरच्या ईटीसी फोल्डरमधलं लेट्स-एन्क्रिप्ट नावाचं अख्खं फोल्डर उचला, नुसतं त्यातलं 'लाइव्ह' उचललंत तर हाती फक्त शॉर्टकट लागतात, खऱ्या फायली 'आर्काइव्ह'मध्ये असतात. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याचं साधन) वापरणाऱ्यांनी हेच फोल्डर कंटेनरच्या बाहेर व्हॉल्यूममध्ये ठेवायचं, नाहीतर कंटेनर रिस्टार्ट झाला की नवं सर्टिफिकेट, परत रिस्टार्ट परत नवं, आणि एका दुपारीच पाच संपतात. अजून एक जागा तपासा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) कुणी 'फोर्स-रिन्युअल' लिहून ठेवलंय का. इंटरनेटवरच्या जुन्या नोट्समधून लोक ती ओळ उचलतात, आणि मग गरज नसताना रोज नवं सर्टिफिकेट घेतलं जातं. ती ओळ कुणी आणि का पसरवली देव जाणे.

किती दिली गेलीत ते स्वतः बघायचं असेल तर सीआरटी डॉट एसएच या साइटवर डोमेन टाका. तिथे एकेक सर्टिफिकेट बहुतेक वेळा दोनदा दिसतं, एक प्री-सर्टिफिकेट आणि एक खरं, त्यामुळे दहा दिसली म्हणून दचकू नका.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर केलाय आणि स्वतःचं डोमेन घेतलंय. सर्टबॉट चालवलं की टाइमआउट येतो. परत परत केलं तर आता 'टू मेनी फेल्ड ऑथोरायझेशन्स' येतंय. मला तर एकही सर्टिफिकेट मिळालेलं नाही, मग लिमिट कसलं संपलं?
— वाचक, नाशिक

उत्तर : हे वेगळं लिमिट आहे रे, नापास होण्याचं. एका अकाउंटला एका नावासाठी तासाला ५ वेळा पडताळणी फेल झाली की थांबवतात, मग साधारण १२ मिनिटांनी एक प्रयत्न परत मिळतो. म्हणजे चहा पिऊन ये, हे लिमिट आपोआप सुटेल. पण टाइमआउट सुटणार नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

तू जी पद्धत वापरतोयस तिला एचटीटीपी-०१ म्हणतात. सर्टबॉट तुझ्या सर्व्हरवर एक फाइल ठेवतो आणि लेट्स एन्क्रिप्ट बाहेरून पोर्ट ८० वर येऊन ती वाचायला बघतं. पोर्ट ८०च, दुसरं कुठलं चालत नाही. तिथून पुढे ४४३ वर रीडायरेक्ट केलेलं चालतं, पण पहिली थाप ८० वरच पडते. काही लोक 'सिक्युरिटीसाठी' ८० बंद करतात आणि मग सर्टिफिकेट मिळत नाही म्हणून रडतात, म्हणजे सुरक्षेसाठीच सुरक्षा अडवली.

तुझ्या घरी मात्र मला वेगळा संशय आहे. राउटरच्या पानावर जा आणि वॅनचा (बाहेरच्या जोडणीचा) आयपी बघ. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटून दिलाय आणि बाहेरून आलेला माणूस तुझ्या लॅपटॉपपर्यंत पोचूच शकत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड कितीही कर, काही होत नाही. मग एक तर कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्यायचा, त्याचे पैसे पडतात, नाहीतर कनेक्शनला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) मिळत असेल तर ते वापरायचं, नाहीतर स्वस्तातला व्हीपीएस.

सर्टिफिकेटच हवं असेल, शिकायला म्हणून, तर डीएनएस-०१ पद्धत कर. त्यात कुणी तुझ्या घरी येत नाही, तू डोमेनच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड ठेवायचं आणि ते तिथून वाचतात. इथे एक खड्डा आहे. पुष्कळ डोमेन कंपन्यांचं पॅनेल रेकॉर्डच्या नावापुढे डोमेन आपणहून जोडतं. तू अंडरस्कोर ॲक्मी-चॅलेंज याच्यापुढे अख्खं डोमेन टाइप केलंस तर डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड सापडतच नाही. नुसता पहिला भाग टाक, आणि एंटर दाबायच्या आधी दुसऱ्या मशिनवरून डिग कमांडने रेकॉर्ड दिसतंय का ते बघ. घाईने एंटर दाबलास की झाला एक नापास.

सीजीनॅट नसेल तर अजून एक ठिकाण बघ, डीएनएसमधलं एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्याची नोंद. जुन्या होस्टिंगचा आयपीव्ही६ पत्ता तिथे राहिलेला असतो, आपण फक्त ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ पत्त्याची नोंद) बदलतो, आणि लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६ वरच जातं. तिकडे जुना सर्व्हर जिवंत असेल तर तो ४०४ ('सापडलं नाही') देतो आणि आपण इकडे आपल्या एनजिनएक्सची कॉन्फिग फाइल रात्रभर खरवडत बसतो. फायरवॉलमध्ये 'फक्त भारतातले आयपी' असा नियम लावला असशील तर तोही काढ, ते जगातल्या अनेक ठिकाणांहून एकाच वेळी तपासतात आणि त्यांचे आयपी जाहीर करत नाहीत, त्यामुळे व्हाइटलिस्ट करायची सोयच नाही.

प्रश्न : माझा घरगुती लोणची-मसाल्यांचा ऑनलाइन व्यवसाय आहे. साइट माझ्या कॉम्प्युटरवर नीट उघडते, पण पेमेंट झाल्यावर गेटवेकडून आमच्या साइटला निरोप येत नाही, ऑर्डर 'पेंडिंग' राहते. गेटवेवाले म्हणतात तुमचं सर्टिफिकेट चुकीचं आहे. मुलाने कंट्रोल पॅनेलमध्ये टाकलं होतं, तीन रकाने होते, तिसरा रिकामा ठेवला. साइट बनवून देणाऱ्यांनी आता प्रायव्हेट की व्हॉट्सॲपवर मागवलीय, ती मी काल पाठवली.
— वाचक, पुणे

उत्तर : तिसरा रकाना म्हणजे सीए बंडल, तोच रिकामा राहिला म्हणून हे सगळं. तुमच्या सर्टिफिकेटवर सही असते एका मधल्या, इंटरमिजिएट सर्टिफिकेटची, आणि त्याच्यावर सही असते मूळ रूटची. फोन-कॉम्प्युटरला फक्त रूट माहीत असतं. ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन आलात पण मधल्या माणसाचं नावच सांगितलं नाही, तसं होतं. काही ब्राउझर तो हरवलेला मधला तुकडा स्वतः शोधून आणतात, फायरफॉक्सकडे तर अशा इंटरमिजिएटची यादी आधीच असते, त्यामुळे तुमच्याकडे साइट छान दिसते. पण गेटवेचा सर्व्हर ब्राउझर नाही, तो शोधाशोध करत नाही, 'ओळख पटली नाही' म्हणून निघून जातो.

उपाय सोपा आहे, बंडलची फाइल त्या तिसऱ्या रकान्यात चिकटवा. लेट्स एन्क्रिप्टच्या चार फायलींपैकी 'चेन' नावाची जी असते ती. जे लोक थेट एनजिनएक्स वापरतात त्यांनी 'सर्ट' नावाची फाइल न देता 'फुलचेन' नावाची द्यायची, तिच्यात दोन्ही असतं. अपाचे २.४.८ किंवा पुढचं असेल तर तिथेही फुलचेनच. मग स्वतःच्या ब्राउझरवर भरवसा न ठेवता ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट कमांडने बघा, किंवा क्वालिस एसएसएल लॅब्सची ऑनलाइन टेस्ट करा, 'चेन इश्यूज' पुढे 'इनकंप्लीट' दिसायला नको.

आता ती की. ताई, प्रायव्हेट की कुणाला पाठवायची नसते, साइट बनवणाऱ्याला पण नाही, त्याला काम करायचं असेल तर पॅनेलचं वेगळं लॉगिन द्या. ती आता किती फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये जाऊन बसलीय सांगता येणार नाही, म्हणून नवी की तयार करून नवं सर्टिफिकेट घ्या आणि ते बसलं की जुनं रिव्होक करा. सांगलीच्या वाचकांना मी रिव्होक करू नका म्हटलं, तुम्हाला करा म्हणतोय, कारण रिव्होक यासाठीच असतं, प्रायव्हेट की बाहेर गेली तर. नवं टाकताना जुनी की आणि नवं सर्टिफिकेट अशी सरमिसळ झाली तर 'की व्हॅल्यूज मिसमॅच' अशी एरर येते, तेव्हा तिन्ही रकाने एकदमच बदला.

प्रश्न : सर्टबॉट म्हणतो सर्टिफिकेट अजून ६० दिवस चांगलं आहे, ब्राउझर म्हणतो एक्स्पायर झालं. कोण खोटं बोलतंय?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : कुणीच नाही. नवी फाइल डिस्कवर आलीय, एनजिनएक्सने मात्र सुरू होताना वाचलेली जुनीच मेमरीत धरून ठेवलीय. रीलोड करा, रीस्टार्टचीही गरज नाही. कायमचं करायचं तर रिन्युअल-हुक्सच्या 'डिप्लॉय' फोल्डरमध्ये रीलोडची एका ओळीची स्क्रिप्ट ठेवून द्या, सर्टिफिकेट नवं झालं की सर्टबॉट ती चालवतो. आणि 'एक्स्पायर होतंय' अशी मेल येईल म्हणून वाट बघत असाल तर लेट्स एन्क्रिप्टने त्या मेल ४ जून २०२५ पासून बंद केल्यात. बाहेरून तारीख तपासणारं एखादं मॉनिटरिंग लावा, कारण डिस्कवरची तारीख ग्राहकाला दिसत नाही.

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या छोट्या होमस्टेंसाठी बुकिंगची साइट चालवतो. प्रत्येक होमस्टेला आमच्या डॉट सीओ डॉट इन डोमेनखाली स्वतःचं सबडोमेन देतो. एकदम ८० जणांना चालू करायचंय, पण ५० च्या लिमिटचं वाचलं आणि थांबलो. वाइल्डकार्ड घ्यावं का?
— वाचक, पणजी

उत्तर : थांबलात ते बरं केलंत, पण घाबरण्यासारखं फार नाही. ते लिमिट एका रजिस्टर्ड डोमेनखाली ७ दिवसांत ५० नवी सर्टिफिकेट असं आहे. डॉट सीओ डॉट इनखालचे सगळे एकत्र मोजले जातील अशी भीती असेल तर तसं नाही, पब्लिक सफिक्स लिस्ट नावाच्या यादीत सीओ डॉट इन आहे, त्यामुळे मोजणी तुमच्या स्वतःच्या नावापासून सुरू होते. कोटा साधारण ३ तास २२ मिनिटांनी एक असा परत भरतो, म्हणजे ५० आज केली तर उरलेली ३० चार-सव्वाचार दिवसांत हळूहळू होतील. रिन्युअलला हे ५० चं लिमिट लागत नाही, त्यामुळे एकदा सगळे बसले की दर दोन महिन्यांनी परत रांग लावायची नाही.

वाइल्डकार्डने सगळं एका सर्टिफिकेटात होतं, २०१८ पासून तेही फुकट मिळतं, पण फक्त डीएनएस-०१ ने. तुमच्या डीएनएसवाल्याकडे एपीआय (प्रोग्रामने रेकॉर्ड बदलायची सोय) असेल आणि सर्टबॉटला त्याचा प्लगिन असेल तरच घ्या. हाताने टीएक्सटी बदलत बसायचं असेल तर माझं मत स्पष्ट नाही असंच आहे, कारण दर रिन्युअलला किंमत नवी असते आणि ऐन डिसेंबरच्या सीझनमध्ये कुणीतरी विसरणार. वाइल्डकार्ड मूळ डोमेनला लागू होत नाही, ते नाव वेगळं घालावं लागतं, आणि तेव्हा एकाच नावाची दोन टीएक्सटी रेकॉर्ड एकाच वेळी ठेवावी लागतात. लोक दुसरं टाकताना पहिलं पुसतात आणि पडताळणी फेल. तसंच ते एकाच पायरीला चालतं, सबडोमेनच्या खाली अजून सबडोमेन केलं तर नाही.

तिसरा मार्ग म्हणजे एका सर्टिफिकेटात १०० पर्यंत नावं बसतात, तुमचे ८० आरामात. पण एका होमस्टेचा डीएनएस बिघडला की सगळ्यांचंच रिन्युअल अडतं, आणि प्रत्येकाला बाकीच्यांची नावं सर्टिफिकेटात वाचता येतात. मी तुमच्या जागी असतो तर एपीआय असेल तर वाइल्डकार्ड, नसेल तर प्रत्येकाचं वेगळं आणि थोडा धीर.

प्रश्न : दुकानदाराने ३ वर्षांचं एसएसएल विकलं, आता म्हणतो परत टाकावं लागेल. फसवलं का?
— वाचक, सोलापूर

उत्तर : अर्धवट सांगितलं असं म्हणू. सप्टेंबर २०२० पासून कुठलंही सर्टिफिकेट ३९८ दिवसांपेक्षा जास्त चालणारं देताच येत नव्हतं, आणि नव्या नियमाने १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. तुम्ही घेतलंय ते तीन वर्षांचं वर्गणी-पॅक, त्यात सर्टिफिकेट मधूनमधून नवं घ्यायचंच. दर वेळी 'बसवण्याचे' वेगळे पैसे मागत असेल तर भांडा. साधं डोमेन तपासून देतात ते विकतचं आणि फुकटचं, एन्क्रिप्शनमध्ये काही फरक नसतो. फुकटचं ९० दिवसांचं आहे म्हणून कमी दर्जाचं, हे जे सांगतात त्यांना वरच्या तारखा दाखवा.

प्रश्न : आम्ही हौसेने देवनागरी डोमेन घेतलं, डॉट भारतवालं. सर्टबॉटला देवनागरी नाव दिलं तर तो घेतच नाही. अशा डोमेनला सर्टिफिकेट मिळत नाही का?
— वाचक, नागपूर

उत्तर : मिळतं, २०१६ पासून मिळतं. सर्टबॉटला फक्त ते पनीकोडमध्ये द्यावं लागतं, म्हणजे एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं जे इंग्रजी अक्षरांचं रूप असतं ते. डोमेन कंपनीच्या पॅनेलमध्ये बहुतेक वेळा तेच दिसतं, तिथून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. एनजिनएक्सच्या सर्व्हर-नेममध्येही पनीकोडच लिहायचं, कारण ब्राउझर सर्व्हरला नाव त्याच रूपात पाठवतो. तिथे देवनागरी लिहिलंत तर एनजिनएक्स नाव न जुळल्यामुळे दुसऱ्याच साइटचं सर्टिफिकेट पुढे करतो आणि 'कॉमन नेम इनव्हॅलिड' दिसतं. ऱ्हस्व-दीर्घ बदललं की पनीकोड अख्खा बदलतो हेही ध्यानात ठेवा. 'मिठाई' आणि 'मीठाई' ही दोन वेगळी डोमेनं आहेत, दोन्ही हवी असतील तर दोन्ही विकत घेऊन, दोन्ही नावं त्याच एका सर्टिफिकेटात घाला.